कॅसिनोतल्या बायका आणि टेबलावरचा मज्जाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या एका कॅसिनो-बोटीवर मी चार वर्षं डीलर होते. ते काम सोडलं, पण विषय सुटला नाही. डीलरचा कोर्स करणाऱ्या मुली, त्यांच्या आया, कायदा शिकणारे विद्यार्थी असे बरेच जण विचारत राहतात, आणि बहुतेक वेळा तेच तेच विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. बरीचशी हकिगत अमेरिकेतल्या नेवाडा राज्याची आहे. आजचा कॅसिनो धंदा तिथे घडला, आणि बायकांना टेबलापासून दूर ठेवण्याचा ठरावही तिथेच कागदावर आला.

१. डीलर म्हणजे नेमकं काय करते? त्यात बाई-पुरुष असा फरक पडण्यासारखं काय आहे?

डीलर पत्ते पिसते, वाटते, लावलेल्या चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) मोजते, हरलेल्यांच्या ओढून घेते आणि जिंकलेल्यांना चुकते करते. ब्लॅकजॅक हा 'एकवीस' बेरजेचा पत्त्यांचा खेळ. त्यात पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले, म्हणजे ब्लॅकजॅक लागला, तर जुन्या रीतीने दोनाला तीन द्यायचे असतात. म्हणजे पंचवीसच्या चिपवर साडेसदतीस, आणि हे समोरच्याचा श्वास खाली यायच्या आत डोक्यात झालं पाहिजे. टेबल सोडताना दोन्ही तळवे उघडून दाखवायचे, हातात चिप लपलेली नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दिसावं म्हणून. तासभर उभं राहायचं, थोडा ब्रेक, पुन्हा टेबल.

यात अंगबळाचं काहीच नाही. हिशेब, हाताची सफाई, नजर, आणि प्यालेल्या माणसाशी आवाज न चढवता बोलणं, एवढंच लागतं. कॅलिफोर्नियात सोन्याच्या मागे लोक धावले त्या काळात, १८५४ च्या सुमारास, नेवाडा सिटी या गावात एलेनॉर ड्युमाँ नावाची बाई स्वतःचा अड्डा चालवून 'एकवीस'चे पत्ते वाटत होती. बाईला हे जमतं का, या शंकेचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं.

२. खरंच बंदी होती का? की मालक आपले घेत नव्हते, एवढंच?

दोन्ही होतं. १९५८ साली लास व्हेगास शहराच्या नगर आयोगाने बायकांनी डीलर म्हणून काम करू नये असा ठराव केला. तो शहराच्या हद्दीपुरता होता, म्हणजे फ्रीमाँट स्ट्रीटवरच्या जुन्या कॅसिनोंपुरता.

इथे एक बारकावा आहे, बरेच जण चुकतात. ज्याला आपण सिनेमातलं लास व्हेगास समजतो तो 'स्ट्रिप'चा रस्ता शहराच्या हद्दीत येतच नाही, तो क्लार्क काउंटीच्या अखत्यारीत आहे. तिथे शहराचा ठराव लागू नव्हता. तरीही स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनोंनी बायकांना टेबलावर घेतलं नाही. कागद नसतानाही तीच रीत चालली, आणि मला वाटतं कागदापेक्षा ती जास्त चिवट ठरली. ठराव रद्द करता येतो, 'आमच्याकडे पद्धत नाही' हे वाक्य कुणी कुठे रद्द करायचं?

स्ट्रिपवर टेबलामागे पहिली बाई दिसली ती १९७१ साली, सिल्व्हर स्लिपर या कॅसिनोत.

३. पण रीनोमध्ये तर बायका डीलर होत्या असं वाचलंय. मग राज्य एकच असून हे कसं?

बरोबर वाचलंय, आणि 'बायकांना ते काम झेपत नव्हतं' या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर नाही. रीनो हे त्याच राज्याच्या उत्तरेकडचं शहर. तिथे १९३५ साली स्मिथ कुटुंबाने हॅरॉल्ड्स क्लब सुरू केला आणि तिसच्या दशकाच्या अखेरीपासून बायकांना डीलर म्हणून घ्यायला सुरुवात केली. जुगारघर म्हणजे धुराने भरलेली, पुरुषांनी दाटलेली खोली, ही ओळख त्यांना पुसायची होती. टेबलामागे बाई असेल तर नवखं गिऱ्हाईक बुजत नाही, नवऱ्याबरोबर आलेली बायकोसुद्धा खेळायला बसते, हा त्यांचा हिशेब होता आणि तो खरा ठरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात पुरुष सैन्यात गेल्यावर तर बायकांशिवाय टेबलं चाललीच नसती.

म्हणजे उत्तरेला बाई पत्ते वाटतेय, गिऱ्हाईक खूश आहे, गल्ला भरतोय, आणि दक्षिणेला तिला तेच काम वर्ज्य. पत्ते तेच, नियम तेच, राज्याचा कायदाही तोच.

४. बंदीचं कारण काय सांगत?

विचारणाऱ्यागणिक वेगळं. कधी म्हणत, जागा चांगली नाही, बाईची अब्रू जपली पाहिजे. कधी म्हणत, मोठ्या रकमा लावणाऱ्याला बाईच्या हातून हरणं रुचत नाही. नशिबाच्या गोष्टीही असत, बाई टेबलावर आली की डाव फिरतो वगैरे. पण लास व्हेगासमध्ये खरा रेटा होता तो 'कमावता पुरुष' या युक्तिवादाचा. घर चालवणाऱ्या पुरुषाच्या तोंडचा घास बायका काढून घेतात, म्हणून नोकऱ्या पुरुषांसाठी राखा.

हा युक्तिवाद आपल्याला अनोळखी नाही. 'तुला कशाला हवी बढती, नवरा कमावतोय ना' हे महाराष्ट्रातल्या किती ऑफिसांत ऐकू येतं! यात धरून चाललेलं असतं की बाई एकटी नसते, विधवा नसते, तिच्या कमाईवर कुणी जगत नसतं. लास व्हेगासमध्ये तर घटस्फोटित आणि एकट्या आयांची कमी नव्हती.

अब्रूच्या कारणाबद्दल एकच सांगते. त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच दारुड्यांमध्ये तोकड्या कपड्यांत ट्रे घेऊन फिरणारी बाई मात्र चालत होती (पाहा प्रश्न ५).

५. मग बायका कॅसिनोत कुठली कामं करत?

कॉकटेल वेट्रेस. स्लॉट मशीनसाठी सुटे पैसे घेऊन फिरणारी 'चेंज गर्ल'. केनो या आकड्यांच्या सोडतीची तिकिटं गोळा करणारी 'रनर'. नाचणारी. खोल्या झाडणारी. आणि 'शिल', म्हणजे कॅसिनोच्याच पैशाने टेबलावर बसून खेळणारं खोटं गिऱ्हाईक, रिकामं टेबल भरलेलं दिसावं म्हणून. खेळ येणारी बाई टेबलाच्या या बाजूला, नटून, आमिष म्हणून चालत होती. तिने त्या बाजूला जाऊन पत्ते वाटणं मात्र चालत नव्हतं.

६. लास व्हेगासचा पहिला जुगाराचा परवाना बाईच्या नावावर होता म्हणतात. मग भेदभाव कसला?

होता. १९ मार्च १९३१ रोजी गव्हर्नर फ्रेड बाल्झर यांनी जुगार कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर सही केली, आणि दुसऱ्याच दिवशी लास व्हेगासमधला पहिला परवाना नॉर्दर्न क्लबच्या मेमी स्टॉकर यांना मिळाला. त्यांचा नवरा रेल्वेत नोकरीला होता आणि रेल्वेला आपला माणूस असल्या धंद्यात नको होता, म्हणून नाव बायकोचं. आपल्याकडे नवऱ्याची सरकारी नोकरी असली की दुकान बायकोच्या नावावर निघतं, तसंच.

पुढच्या मालकिणींचीही वाट पुष्कळदा वैधव्यातून गेली. वॉरन बेली १९६४ च्या डिसेंबरात गेले आणि ज्युडी बेली यांनी हॅसिएंडा हॉटेल-कॅसिनो हाती घेतला. क्लॉडीन विल्यम्स यांनी नवऱ्याबरोबर १९७३ मध्ये हॉलिडे कॅसिनो उघडला आणि १९७७ मध्ये तो गेल्यावर एकटीने चालवला. दोघीही कर्तबगार होत्या, यात शंका नाही. पण मालकीण होता येणं आणि नोकरी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका बाईच्या नावाचा परवाना भिंतीवर टांगलेला असला म्हणून दाराशी अर्ज घेऊन आलेल्या दुसरीला टेबल मिळत नव्हतं.

७. १९६४ मध्ये अमेरिकेत नागरी हक्क कायदा झाला. मग १९७१ उजाडेपर्यंत काहीच का हललं नाही?

त्या कायद्याच्या सातव्या प्रकरणाने नोकरीत वंश, धर्म यांच्याबरोबर लिंगावरूनही भेदभाव करायला मनाई केली. जुलै १९६५ पासून तो लागू झाला. पण अंमलबजावणीसाठी नेमलेल्या समान रोजगार संधी आयोगाला सुरुवातीला स्वतः खटला भरायचा अधिकारच नव्हता. तक्रार घ्यायची, समेटाचा प्रयत्न करायचा, एवढंच. खटल्याचा अधिकार १९७२ मध्ये मिळाला. शिवाय १९९१ पर्यंत जिंकणाऱ्या बाईला या कायद्याखाली फार तर बुडालेला पगार आणि नोकरी परत मिळे, मनस्तापाची वेगळी भरपाई नाही.

आता हे त्या डीलरच्या जागी उभं राहून पाहा. नेवाडात मालक कारण न देता काढून टाकू शकतो. डीलरना बहुधा युनियन नाही. नोकरी मिळते ती ओळखीवर, तिथे त्या ओळखीला 'ज्यूस' म्हणतात. सगळे पिट बॉस, म्हणजे टेबलांच्या गटावरचे वरिष्ठ, एकमेकांना ओळखतात. एका कॅसिनोवर तक्रार करणाऱ्या बाईला दुसरा कॅसिनो दारात तरी उभं करील का?

८. सत्तरच्या दशकात बायका टेबलावर आल्या. मग १९८१ च्या समझोत्याची गरज का पडली?

मला विचाराल तर या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. उत्तर लांब आहे.

डीलरचा पगार किरकोळ असतो. घर चालतं ते टिपवर. अमेरिकन डीलर तिला 'टोक' म्हणतात. म्हणून 'डीलरची नोकरी मिळाली' हे वाक्य अर्धं आहे. कुठल्या कॅसिनोत, कुठल्या पाळीत, कुठल्या खेळावर, हे कळेपर्यंत कमाई कळत नाही. जुन्या गावातल्या छोट्या जागेत दुपारच्या पाळीला ब्लॅकजॅक वाटणारी आणि स्ट्रिपवर रात्री क्रॅप्सच्या टेबलावर उभा असलेला, दोघेही डीलरच. मिळकतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

बायका आल्या त्या ब्लॅकजॅकवर. क्रॅप्स, म्हणजे फाशांचा खेळ, आणि बॅकरा, म्हणजे मोठ्या रकमांचा पत्त्यांचा खेळ, या टेबलांवर पुरुषच राहिले. क्रॅप्सबद्दल सांगत की तिथे आरडाओरडा असतो, शिव्या असतात, हिशेब किचकट असतो, बाईला झेपणार नाही. बॅकराबद्दल सांगत की तिथे रुबाबदार वातावरण लागतं, काळ्या सुटातला पुरुष शोभतो. म्हणजे एक टेबल बाईसाठी फार रांगडं आणि दुसरं फार खानदानी! दोन्हींत सारखी असलेली गोष्ट एकच, टिप.

वर चढायची शिडीही तिथूनच जाते. फ्लोअरवर देखरेखीला, मग पिट बॉस म्हणून घेतात ते सगळे खेळ येणाऱ्याला. क्रॅप्सवर उभंच राहू दिलं नाही तर 'तुम्हाला क्रॅप्स येत नाही' म्हणून बढती अडवायला पुढच्या वीस वर्षांची सोय झाली.

१९८१ मध्ये समान रोजगार संधी आयोग, नेवाडातले बडे कॅसिनो आणि काही युनियन यांच्यात न्यायालयाच्या मंजुरीने समझोता झाला. बायकांना नेमणुकीत, प्रशिक्षणात आणि बढतीत जागा देण्याचं बंधन त्यातून आलं. कृष्णवर्णीय कामगारांसाठी असाच समझोता १९७१ मध्ये झाला होता (पाहा प्रश्न ९).

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना म्हणूनच मी आधी पगार विचारत नाही. टिप कशी वाटली जाते, मोठ्या टेबलांचं वेळापत्रक कोण लावतं आणि गेल्या वर्षात त्यावर किती मुली उभ्या होत्या, हे विचारायला सांगते.

९. कृष्णवर्णीय बायकांची स्थिती वेगळी होती का?

वेगळी आणि बरीच वाईट. लास व्हेगासमध्ये १९६० पर्यंत कृष्णवर्णीय माणसाला स्ट्रिपवरच्या कॅसिनोत गिऱ्हाईक म्हणूनही प्रवेश नसे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये मुलां रूज या हॉटेलात झालेल्या बैठकीनंतर ती बंदी उठली. पण नोकऱ्यांत कृष्णवर्णीय बाईची जागा मागच्या दारी राहिली, मोलकरीण म्हणून किंवा स्वयंपाकघरात. 'चेंज गर्ल' किंवा कॉकटेल वेट्रेस या 'बायकांच्या' नोकऱ्याही गोऱ्या बायकांनाच. १९५८ चा ठराव तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच वंशाची भिंत होती.

तरी त्यांच्यात सॅरन नाइट प्रेडी होत्या. लास व्हेगासच्या वेस्टसाइड वस्तीत त्या हे काम शिकल्या आणि १९५० मध्ये हॉथॉर्न या छोट्या गावात नेवाडातला जुगाराचा परवाना मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. आणि हॅटी कँटी, खोल्या झाडणारी बाई, १९९० मध्ये हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनच्या अध्यक्ष झाल्या. फ्रंटियर हॉटेलचा सहा वर्षांहून जास्त चाललेला संप (१९९१ ते १९९८) याच युनियनचा. इतक्या दिवसांत एकही संपकरी फुटून कामावर गेला नाही, असं ते लोक अजून अभिमानाने सांगतात.

१०. मेकअप केला नाही म्हणून काढलं, हे खरं प्रकरण आहे का? कोर्टाने काय म्हटलं?

खरं आहे. डार्लीन जेस्पर्सन रीनोच्या हॅराज कॅसिनोत सुमारे वीस वर्षं बारटेंडर होत्या, कामाबद्दल वरिष्ठ खूश. २००० साली कंपनीने नवा नियम आणला. बायकांनी पावडर किंवा फाउंडेशन, ब्लश, मस्कारा आणि लिपस्टिक लावलीच पाहिजे. पुरुषांनी मेकअप लावायचा नाही आणि केस कॉलरच्या वर ठेवायचे. जेस्पर्सन यांनी नकार दिला, नोकरी गेली.

२००६ मध्ये नवव्या सर्किटच्या (अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) संघीय अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. तर्क असा, की बाई आणि पुरुषासाठी नियम वेगळे असू शकतात, एकावर जास्त ओझं पडतं हे सिद्ध केलं तर तो भेदभाव. आणि मेकअपला किती वेळ आणि पैसा जातो याचा पुरावा जेस्पर्सन यांनी दिलेला नाही.

हा निकाल वाचून मला अजून राग येतो. रोज पाळीआधी आरशासमोर किती वेळ जातो हे सांगायला पुरावा हवा? एका नोकरीत माझ्या मेकअपची तपासणी टेबलावर जायच्या आधी होत असे, आणि ती पंचवीस मिनिटं पाळीत धरली जात नसत. शेजारचा मुलगा दाढी करून आला की झालं. तरी विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी: जे आपल्याला उघड वाटतं तेही फायलीत लागतं. पावत्या ठेवा, वेळ लिहून ठेवा.

११. वजन वाढलं म्हणून काढता येतं का?

ॲटलांटिक सिटीतल्या बोर्गाटा कॅसिनोने २००५ पासून ट्रे फिरवणाऱ्या वेट्रेसना मूळ वजनापेक्षा सात टक्क्यांहून जास्त वाढायचं नाही असा नियम केला. पन्नास किलोच्या मुलीला साडेतीन किलोची मुभा. त्यांना नावही दिलं होतं, 'बोर्गाटा बेब्स'. वीसहून अधिक जणी कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने वजनाचा नियम स्वतःहून लिंगभेद ठरत नाही असं म्हटलं. मात्र बाळंतपणानंतर किंवा आजारपणात या नियमाचा धाक दाखवून छळ झाला, या अकरा जणींच्या तक्रारी ऐकल्या पाहिजेत, असंही सांगितलं. नियम टिकतो, पण तो ज्या पद्धतीने वापरला त्याला आव्हान देता येतं. मेकअपच्या निकालाशी ताडून वाचा (प्रश्न १०).

१२. गिऱ्हाईकालाच बाई नको असेल, किंवा बाईच हवी असेल, तर मालक काय करणार?

अमेरिकेच्या कायद्यात एक अपवाद आहे, त्या कामाला ते लिंग खरोखरच अपरिहार्य असेल तर. पण गिऱ्हाइकाची आवड म्हणजे अपरिहार्यता नव्हे. १९७१ च्या एका खटल्यात पॅन ॲम विमान कंपनी म्हणाली की प्रवाशांना हवाई सुंदरीच आवडतात, म्हणून पुरुष घेत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही, विमान कंपनीचं काम लोकांना सुखरूप पोचवणं आहे. तोच निकष लावला तर टेबलाचं काम अचूक पत्ते वाटणं आहे.

१३. बारमध्ये बायकांना काम करायला बंदी होती, तो याच विषयाचा भाग का? भारतात असं काही झालंय?

त्याच झाडाची फांदी. मिशिगन राज्यातल्या मोठ्या शहरांत बाई बारटेंडर होऊ शकत नसे, बारच्या पुरुष मालकाची बायको किंवा मुलगी असेल तरच सूट. बाई स्वतः मालक असली तरी तिला किंवा तिच्या मुलीला सूट नाही! १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. टेबलांवर दारू नेऊन देणारी वेट्रेस मात्र त्या कायद्याला चालत होती. पैसा बारमागच्या माणसाच्या हातात, ट्रे बाईच्या.

भारतात १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्याचं कलम ३० होतं, दिल्लीतही लागू. जिथे दारू प्यायली जाते तिथे पंचविशीच्या आतले पुरुष आणि सगळ्या वयाच्या स्त्रिया कामाला ठेवायच्या नाहीत. अनुज गर्ग खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. जागा असुरक्षित असेल तर ती सुरक्षित करा, बाईला घरी पाठवू नका, असा त्याचा आशय. कायदा शिकणाऱ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा.

१४. घोड्यांच्या शर्यतीही जुगाराच्याच. तिथे काय होतं?

थोडक्यात सांगते. इंग्लंडमधल्या शर्यतींचा कारभार पाहणारा जॉकी क्लब तोवर बायकांना घोडे तयार करण्याचा परवाना देत नसे. फ्लॉरेन्स नेगल यांनी तयार केलेले घोडे धावत ते त्यांच्या तबेल्यातल्या नोकराच्या नावावर. त्या कोर्टात गेल्या आणि १९६६ मध्ये क्लबला नमावं लागलं. अमेरिकेत कॅथी कुस्नर यांनी १९६८ मध्ये कोर्टातून जॉकीचा परवाना मिळवला. त्याच वर्षी दुसऱ्या एका बाईच्या शर्यतीवर पुरुष जॉकींनी बहिष्कार घातला. ७ फेब्रुवारी १९६९ रोजी फ्लोरिडात डायन क्रम्प धावल्या तेव्हा त्यांना पोलिसांच्या गराड्यातून मैदानात न्यावं लागलं.

१५. गोव्यात आणि महाराष्ट्रात कायदा काय म्हणतो?

गोव्याचा जुगारविषयक कायदा १९७६ चा. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत मशीनची आणि १९९६ मध्ये बोटींवर टेबलांचीही वाट मोकळी झाली. महाराष्ट्राने १९७६ सालीच कॅसिनोचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. म्हणून कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या मुली या कामासाठी गोव्यात जातात.

आपल्याकडे धंदा आला तेव्हा बाई डीलर ही नवलाई उरली नव्हती. माझ्या बोटीवर निम्म्याहून जास्त डीलर मुली होत्या. पण मोठ्या रकमांच्या खोलीचं वेळापत्रक लावणारे सगळे पुरुष होते.

१६. ताई, मुलाखतीत लग्न कधी करणार विचारलं आणि नंतर घेतलंच नाही. काही करता येतं का?

खरं सांगते, हा कठीण भाग आहे. घटनेतली समानता मुख्यतः सरकारला बांधते, खासगी मालकाला थेट नाही. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा १९८१ चा निकाल लोक दाखवतात, पण एअर इंडिया तेव्हा सरकारी होती. आणि त्या निकालातही पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम रद्द झाला, पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र टिकली.

खासगी मालकाविरुद्ध आधी हाताशी होता तो १९७६ चा समान वेतन कायदा. त्याच कामाला समान पगार आणि नेमणुकीत स्त्री म्हणून भेदभाव नको, ही त्यातली तरतूद आता २०१९ च्या वेतन संहितेत आहे, ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. नोकरी मिळाल्यावर लैंगिक छळ झाला तर २०१३ चा कायदा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, बोटीवरही. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. समिती नसेल किंवा तक्रार मालकावरच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

मुलाखतीचा प्रश्न कुणी, कधी, कुणासमोर विचारला, ते त्याच दिवशी तारखेसह लिहून काढ. तुझ्याबरोबर मुलाखतीला आलेल्या दोघीतिघींना फोन कर, त्यांनाही विचारला होता का. आणि मुलांना विचारला होता का, हेही बघ.